गोड्या पाण्याचा डबा

अकोला स्टेशनवर पुंजाराम पाटलांनी पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला, तेव्हा मला वाटलं लेकीसाठी तूप नेताहेत. मनातल्या मनात मी जावयाचा हेवाही करून घेतला. डबा हलवला, तर आत पाणी.

"झाकनाले कथलाचा डाग देल्ला हाय, नारायणराव. जपून धरा," ते म्हणाले.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. कुठंही विहीर खणा, पाणी खारट. त्यात डाळसुद्धा धड शिजत नाही. पुंजारामांच्या आशाबाई सातपुड्याच्या पायथ्याच्या, गोड्या पाण्यावर वाढलेल्या. बावीस वर्षं त्यांनी आमचं खारं पाणी प्यायलं आणि एकच हट्ट धरला, पोरीच्या वाट्याला हे नको. मी शहाण्यानं शकुनला स्थळ सुचवलं ते उद्धवचं. नवं राज्य झालं आणि त्याची मासळी खात्यात बदली झाली, ती थेट रत्नागिरीकडे, समुद्रकाठच्या कोळीवाड्यात!

'इथलं पाणी चांगलं आहे,' असं शकुननं पत्रात लिहिलं होतं. पण पोरी सासरचं वाईट कधी लिहितात का? "पानी खारं असन तं पोरीले घिऊनच या," असं आशाबाईंनी नवऱ्याला बजावलं. नवऱ्यानं मला सोबत ओढलं. गुन्हा माझाच होता ना.

रेल्वे झाली, आगबोट झाली, शेवटी होडीतून किनाऱ्याला लागलो. डबा सारा वेळ पुंजारामांच्या मांडीवर. किनाऱ्यावर काठ्यांना मासळी वाळत होती, जाळी पसरली होती. वासानं माझं डोकं भणभणलं. पुंजाराम मात्र वाळूकडे बघत होते.

"एवढी जमीन पडीत! काहून पेरत नसतीन हे लोक?"

मग ते वाकले, समुद्राचं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. शकुन धावत येतच होती. तिला बघताच म्हणाले, "चाल पोरी, सामान बांध. आपल्या विहिरीपरीस दहापट खारं हाय."

"बाबा, थे कोन पेते? इकडे या."

वीस पावलांवर माडांखाली, वाळूतच, विहीर होती. कोळणींची रांग लागलेली. एका म्हातारीनं आपली कळशी बाजूला घेतली. शकुननं पाणी शेंदून बापाच्या ओंजळीत ओतलं. ते प्याले. पुन्हा प्याले. एकदा समुद्राकडे बघितलं, एकदा विहिरीकडे, आणि असे संतापले!

"समुद्र इथं, अन् पानी गोड? मंग आमी काय पाप केलं?"

म्हातारी पोट धरून हसली. मीही हसलो. सुटलोच होतो मी.

घरी आल्यावर पुंजारामांनी ओशाळून डबा पुढं केला. "तुह्या मायच्या गावचं आनलं होतं. फेकून दे आता."

तीन दिवसांत पाण्याला पत्र्याचा वास लागला होता. शकुननं तांब्या भरून घेतला आणि उभ्यानंच, डोळे मिटून, थेंबही न ठेवता संपवला. उरलेलं माठात ओतलं. आम्हाला मात्र विहिरीचंच दिलं. आमच्या पाटलांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

निघताना डबा त्या विहिरीच्या पाण्यानं भरून, पुन्हा डाग देऊन, आम्ही परत आणला. आशाबाईंनी वाटीभर पाणी घोट घोट घेतलं. मग वाटी खाली ठेवली.

"बावीस वर्सं खारं पेली मी," त्या म्हणाल्या, "अन् हे पाहाले घिऊन गेले नारायणरावाले?"

पंधरा दिवसांत दोघं पुन्हा निघाले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. डबा आशाबाईंच्या हातात होता, या खेपेला रिकामा.