चुन्याची चिमूट

चिमट्याच्या टोकावर बेडकाची मांडी वाकली — मोडली नाही, वाकली, ओल्या सुतासारखी — आणि पंचाक्षरीने ती घाईघाईने बरणीत सोडली, जणू आणखी थोडी धरली तर ती बोलायला लागेल. अंगठ्याच्या पेराएवढा, चिंचोळ्या तोंडाचा बेडूक. तीन वर्षांपूर्वी सांगोल्याकडे एका विहिरीच्या खोदकामात बारा हात खाली सापडलेला (खोदणारे तीस हात सांगत, पण खोदणाऱ्यांचं काय घेऊन बसलात). याच्या भाऊबंदांची कुळं छातीच्या हाडांवरून ठरतात. वर्षभर बरणीत राहिल्यावर याची छाती उघडली, तेव्हा गळ्याखालचं हाडच नव्हतं, आणि त्या नसलेल्या हाडावर विभागप्रमुख सिद्धलिंगप्पा सरांनी सगळी वंशावळ नव्याने मांडली होती: भारत आफ्रिकेपासून तुटून एकटाच समुद्रातून सरकत होता, तेव्हा इथेच फुटलेली वेगळी फांदी. शोधनिबंध आजच्या टपालाने जायचा होता. त्यावर दुसरं नाव पंचाक्षरीचं. त्या नावावर कॉलेजातली कायमची नोकरी.

प्रयोगशाळेचा शिपाई बिरप्पा बरण्या पुसता पुसता थांबला.

"तवा तुमीच ह्यात चुना टाकू दिला न्हाय की, सायेब. घानेरडी सवय म्हनला. बाकीच्या बरन्यांतली हाडं बगा, लई टनक हायती."

तंबाखूच्या डबीतला चिमूटभर चुना तो प्रत्येक बरणीत टाकायचा... बरणीतलं फॉर्मॅलिन जुनं होऊन आंबलं की हाडातला चुना खातं, आधी बारीक हाडांचा — हे पंचाक्षरी स्वतःच चार वर्षं वर्गात शिकवत होता. आणि पडताळायला दुसरा बेडूक आणायचा कुठून? त्र्याहत्तरचा मे, दोन वर्षं पाऊस नाही, बेडूक सगळे मागच्या पायांनी माती उकरत खाली उतरलेले, कदाचित या फरशीखालीसुद्धा, छातीत हाड घेऊन — किंवा न घेता — वाट बघत...

सर आले. हातात लिफाफा.

"छाती तूच उघडली होतीस ना रे? हाड नव्हतंच?"

"नव्हतंच, सर."

सर गेले. बिरप्पा पुढची बरणी पुसू लागला.

मग पंचाक्षरीला आठवलं: विहिरीच्या काठावर, बेडूक जिवंत असतानाच, आपण त्याच्या गळ्याखाली अंगठा दाबला होता आणि तिथे मऊ लागलं होतं. अगदी मऊ. हे सकाळपर्यंत आठवत नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी आठवण थांबेना — आता तिच्यात ऊन आलं, अंगठ्याला चिकटलेली काळी माती आली, आणि दोर ओढणारा कुणीतरी वाकून म्हणाला, बगा की, हाडच न्हाय ह्याला.