क्लिफर्डनं लुटलेली बँक

क्लिफर्ड ऑग्डनच्या घरात इतकी थंडी असायची, की बोलताना तोंडातून निघालेली वाफ दिवसभर बैठकीच्या खोलीत तरंगत राहायची. एकदा त्या वाफेत मांजर हरवलं, ते दोन दिवसांनी सोफ्यावरच सापडलं. रात्री पेल्यात काढून ठेवलेली कवळी सकाळी बर्फात रुतलेली असायची, मग ती सुटेपर्यंत टोस्टकडे नुसतं बघत बसायचं. खोटं वाटत असेल तर इंग्लंडातल्या त्या फ्लीटवुड गावात कुणालाही विचारा. सगळ्यांना हे माहीत होतं, कारण क्लिफर्डची बायको एनिडच सगळ्यांना सांगत फिरायची, हसत हसत.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मात्र तिला हसू येईना. क्लिफर्डच्या छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टर तपासायला आला, त्यानं अंगातला कोटसुद्धा काढला नाही. जाताना दारात हळूच म्हणाला, "मिसेस ऑग्डन, ही खोली गरम ठेवा. नाहीतर हिवाळा काढायचे नाहीत ते."

आता खोली गरम ठेवायची म्हणजे जिन्याखालचं गॅसवरच्या हीटिंगचं बटण फिरवायचं, एवढंच. पण बिल वाढू नये म्हणून त्या बटणावर क्लिफर्डनं जखमेला लावायची पट्टी चिकटवून ठेवली होती. त्या पट्टीला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

"क्लिफर्ड, लावते रे मी आता."

"खबरदार. आणखी एक स्वेटर घाल."

"तीन घातलेत. चौथा घातला तर दारातून बाहेर पडायचे वांधे होतील."

"मग घरात बस. कुठं जायचंय तुला, राजवाड्यात?"

आणि पुढं खोकला. असा खोकला, की कपाटातल्या बशा एकमेकींना धरून उभ्या राहायच्या.

तसा माणूस वाईट नव्हता हो. आयुष्यभर मासळीच्या धक्क्यावर पेट्या ओढल्या, मग धक्काच बंद झाला. शर्यतीत घोडा लावला की घोडा बसायचा, लॉटरी काढली की शेजारच्याला लागायची. आख्ख्या जन्मात त्यानं एकच बाजी मारली होती, ती म्हणजे ते बँकेचं खातं. गॅस, पाणी, फोन, नगरपालिकेचा कर, सगळं त्या खात्यातून परस्पर जायचं आणि बिल भरलं की बँक त्यातलं थोडं परत द्यायची. कॅशबॅक म्हणतात त्याला. क्लबात ग्लास वर करून तो सांगायचा, "तुम्ही बँकेला पैसे देता रे गाढवांनो! मला बँक देते!" तेव्हापासून सगळे त्याला 'दरोडेखोर' म्हणायचे. या नावावर त्याचा इतका जीव, की कुणी क्लिफर्ड म्हणून हाक मारली तर त्याला ऐकूच यायची नाही.

बँक त्या खात्याची दरमहा फी घ्यायची, पण क्लिफर्ड म्हणायचा, "ते दरवानाचं चहापाणी. तिजोरी लुटायची म्हटल्यावर तेवढं द्यावं लागतं."

गावातली बँकेची शाखा कधीच बंद झाली होती, तिथं आता नखं रंगवायचं दुकान. त्याऐवजी दर मंगळवारी वाचनालयामागं बँकेची व्हॅन यायची. त्या मंगळवारी एनिड व्हॅनमधून पैसे काढून घरी आली, टोपीसुद्धा न काढता क्लिफर्डच्या पलंगाशी बसली आणि तिनं थाप मारली.

"ऐकलंस का? बँकेनं नवीन काढलंय. या हिवाळ्यात गॅसचं बिल जेवढं मोठं, तेवढी कॅशबॅक जास्त. शंभर पौंडांच्या वर गेलं, की निम्मे पैसे परत."

"निम्मे?"

"निम्मे."

"वेड लागलंय का त्यांना?"

"नाहीतर काय! शहाणे असते तर तुझ्याकडून लुटले गेले असते?"

क्लिफर्ड तिच्याकडं बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला, की एनिडचे कान तापले. त्या घरात त्या वर्षी गरम झालेली ती पहिलीच वस्तू. मग तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "काढ ती पट्टी. फेकू नकोस पण, परत कामाला येईल."

तिनं पट्टी काढून बटणाशेजारी भिंतीवर चिकटवली आणि हीटिंग लावलं. असं लावलं, की भिंतीवरचा कागद सुटून गुंडाळी होऊन खाली आला. धक्क्यावरचे झाडून सगळे सीगल पक्षी ऑग्डनच्या छपरावर पाय शेकायला बसले. मांजरानं अंगावरचे केस काढून ठेवायचेच काय ते बाकी होते.

क्लिफर्डचा क्लबातला दोस्त होरेस भेटायला आला, तर आल्या आल्या त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. क्लिफर्डनं त्याला सगळी योजना ऐकवली. "निम्मे परत, होरेस! तू पण लाव." होरेसचं खातं त्याच बँकेत. तो तोंड उघडणार, तेवढ्यात एनिडनं त्याच्या पायावर पाय दिला.

दारात तो कळवळून म्हणाला, "एनिड, असलं काही नाहीये गं."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काय! आत जा, चहा पी आणि हो म्हण."

होरेस परत आत गेला, चहा प्याला आणि हो म्हणाला.

क्लिफर्ड फेब्रुवारीत गेला. गरम खोलीत, एका पातळ सदऱ्यावर. आदल्या संध्याकाळी त्यानं विचारलं, "आज किती काढले आपण त्यांच्याकडून?"

"पोतंभर. मॅनेजर रडत होता म्हणे."

तो हसला, मग खोकला, मग नुसताच पडून राहिला.

त्याला पुरल्यानंतरच्या मंगळवारी एनिड व्हॅनमध्ये गेली. पायऱ्यांवर मागं होरेस आणि क्लबातले दोघंतिघं उभे. खिडकीतल्या कर्स्टी नावाच्या मुलीनं कागद बघितले आणि आवाज खाली आणला.

"मिसेस ऑग्डन, आता तुमच्या एकटीच्या पेन्शनवर या खात्यात कॅशबॅक मिळणार नाही. दरमहा ठरावीक रक्कम जमा व्हावी लागते. नुसती फी जात राहील. बिनफीचं खातं करून देऊ का?"

एनिडनं टोपी सारखी केली. कर्स्टी पुढं म्हणाली,

"तसं तुम्हाला हे परवडत नव्हतंच. पूर्वी ठीक होतं. मग फी वाढली, परतावा कमी झाला, आणि तुमची बिलं तर एवढीशी! मोठी घरं, मोठी बिलं असतात ना, त्यांच्या फायद्याचं आहे हे. मी मिस्टर ऑग्डनना सांगितलं होतं, गेल्या उन्हाळ्यात."

"त्याला? सांगितलं होतं?"

"हो. दीड-दोन पौंड मिळतात आणि पाच जातात, असं मांडून दाखवलं. ते म्हणाले, राहू दे. बायकोला बोलू नकोस, तिला फार कौतुक आहे याचं."

एनिडनं खिडकीची कड धरली. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. बँक त्याला दमडी जास्त देत नाही हे ठाऊक होतं, तर 'निम्मे परत' ऐकून तो फसला असेल होय? मुळीच नाही. त्याला थाप कळली होती, आणि त्यानं ती घेतली. त्याला गॅस जाळायला काहीतरी निमित्त हवं होतं. हार न मानता ते बटण फिरवता येईल, असं काहीतरी. तेच ती आणखी एक हिवाळा आधी बोलली असती तर? छातीत घरघर नव्हती तेव्हा? आयुष्यभर हिनं गावाला इतक्या थापा ऐकवल्या, आणि नेमकी ही सुचायला इतका उशीर.

"काय गं एनिड," मागून होरेसनं विचारलं, "देतायत का अजून दरोडेखोराला?"

सगळे तिच्याकडं बघत होते. एनिड वळली.

"देतायत? अरे, पाया पडतायत माझ्या! खातं बंद करा, आम्ही बुडालो म्हणतायत."

माणसं हसली. एकानं टोपी काढली.

"चालू राहू दे," एनिड कर्स्टीला म्हणाली. "आहे तसंच."

घरी आल्यावर तिनं हीटिंग बंद केलं. भिंतीवरची पट्टी नखानं सोडवली आणि बटणावर परत चिकटवली. चिकटेना, तर अंगठ्यानं दाबून धरली. मग क्लिफर्डचा धक्क्यावरचा कोट अंगात घातला, चहा ओतला आणि त्याच्या खुर्चीत बसली. मांजर आलं, कोटाचा वास घेतला आणि दूर जाऊन बसलं.

अंधार पडेपर्यंत खोली गार झाली. एनिड मांजराला काहीतरी म्हणाली, तर तोंडातून वाफ निघाली आणि तिथंच तरंगत राहिली.