पाच माणसांदेखत

गणवेशातल्या राजनंदिनीने डाव्या बुटाची नाडी करकचून आवळून मान वर केली, तर चुलतसासू सुलाबाई सोप्यात पाट मांडत होती. शेजारी ताटात नारळ, हिरवा खण, तांदूळ. राजनंदिनीला एकदम भरून आलं. लष्करी पोलिसात असल्यापासून ती कितीदा तरी कुंडलच्या या घरातून निघाली होती, पण जाताना तिची ओटी भरावी असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. या खेपेची बदली काश्मीरला, तीही उंचावरच्या ठाण्यावर. तिथे पोर न्यायची सोय नाही. नवरा वीरधवल आधीच राजस्थानच्या सीमेवर. म्हणून लहानग्या लेकीला, प्रांजलला, थोरल्या जावेपाशी, मंगलपाशी ठेवायचं ठरलं होतं.

"आत्ती, बूट काढू का? पाटावर बसायचं तर..."

"तू कशाला बसतीस?" सुलाबाई तिच्याकडे न बघताच म्हणाली.

तेवढ्यात भावकीतली चार-पाच माणसं टोप्या सारख्या करत आत आली आणि सतरंजीवर बसली. मागून सासरे आले, निवृत्त सुभेदार नाथाजी. सगळ्यात शेवटी मंगल. नवं लुगडं, हातभर हिरवा चुडा. ती खाली मान घालून पाटावर बसली.

"घे पोरगीला," सुभेदार म्हणाले. "मंगलच्या ओटीत घाल. पाच मान्सांदेखत झालेलं बरं."

राजनंदिनीच्या पायाखालची जमीन सरकली. ओटीत घातलेलं लेकरू परत मागता येत नाही, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मंगलच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. म्हणजे यांनी आधीच सगळं ठरवलं होतं तर!

"आबा, मी सांभाळायला ठेवती म्हनलं हुतं. द्यायचं न्हाई म्हनलं."

"सांभाळायलाच की. पन ओटीत घातल्याबिगर कुनाचा जीव लागतोय? आन् फौजेचं काय खरं असतंय? उद्या तुमचं दोगांचं काय बरंवाईट झालं तर?"

"आन् न्हाई झालं तर?"

वीरधवल परवाच्या फोनवर एवढंच म्हणाला होता, आबा म्हनतील तसं कर. सीमेवर छाती काढून उभा राहणारा गडी, बापापुढे मात्र गोगलगाय! त्या आठवणीने राजनंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आबा, तुमी सव्वीस वर्सं फौजेत हुता," ती उठून उभी राहिली. "तवा तुमची पोरं कुनाच्या ओटीत घातली हुती?"

भावकीतल्या एकाला उगीच ठसका लागला.

"माजी गोष्ट येगळी. मी बाप्या मानूस."

"तुमी गेला तवा गावभर पेढं वाटलं. मी निगाली तर माजी पोर वाटता व्हय?"

"जबान संभाळ!" सुभेदारांच्या तोंडून परेडच्या मैदानावरचा आवाज निघाला.

त्या आवाजाने प्रांजल दचकली. आईची टोपी घेऊन कोपऱ्यात खेळत होती, ती टोपी टाकून धावली आणि सरळ मंगलच्या मांडीत जाऊन बसली. सुट्टीभर रोज तिच्याच हातचा घास खाणारी पोर, दुसरीकडे कुठे जाणार?

"बघा," सुभेदार भावकीकडे वळले. "लेकरानंच निकाल दिला. सुले, आन नारळ."

पोर हिसकावून घ्यावी तर इथं कुणापाशी ठेवायची? घेऊन जावी तर कुठं? वाईला माहेरी आई आहे, पण ती अंथरुणाला खिळलेली. मंगलने पोरीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. डोळे मिटले होते. ते सुख राजनंदिनीला बघवेना.

सुलाबाईने ताट पुढे केलं. मंगलने डोळे उघडले. पोरीला कडेवर घेऊन ती पाटावरून उठली आणि सुलाबाईच्या हातातलं ताट तिने काढून घेतलं.

"पदर पसर," ती राजनंदिनीला म्हणाली.

"आक्का... मला पदर कुटं हाय?"

"मग पिशवी उगड."

राजनंदिनीने किटची हिरवी पिशवी उघडली. मंगलने ताट खाली टेकवून आतल्या घडी केलेल्या दुसऱ्या गणवेशावर खण ठेवला, नारळ ठेवला. मग मूठभर तांदूळ घेतले.

"मंगल! काय ह्ये?" सुभेदार गरजले. "आन् तुज्या हातानं..."

पुढचं त्यांनी गिळलं. पण सोप्यातल्या प्रत्येकाला ते ऐकू आलं. बारा वर्षांत या घरात कितीतरी सवाष्णींच्या ओट्या भरल्या गेल्या होत्या, एकदाही त्यासाठी मंगलला हाक मारली नव्हती.

"व्हय आबा, माज्याच हातानं," मंगल म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज हलला नाही. "पाच मान्सांदेखत."

तिने तांदूळ पिशवीत सोडले. प्रांजलनेही वाकून ताटातले चार दाणे उचलले आणि मोठीआईचं बघून आईच्या पिशवीत टाकले.

"नारळ तितं फोडू नगस. माघारी आलीस की हितं फोडू." मंगलने पिशवीचा बंद ओढून गाठ मारली. "तवर हिला मी सांभाळती. पोर तुजीच."

मग तिने पोरीला कडेवर नीट घेतलं, आणि मांडलेला पाट पायानेच भिंतीकडे सारला.