पाखऱ्याची झूल

खुंटी रिकामी दिसली आणि स्नेहलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, झूल कुठंय?"

आई पुरणपोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "दादांनी नेली. हौशीराम शेटच्या बैलावर घालायला. एवढं काय त्यात? घरचीच तर हाय."

घरचीच! या एका शब्दाने खोडदच्या त्या घरात पोरींची किती मेहनत गिळली होती, कुणास ठाऊक. नागपंचमीपासून स्नेहल आणि तिची चुलतबहीण श्रेया अभ्यास उरकला की पडवीत बसायच्या, बैलांचे लोकरी गोंडे अन् झुली करायच्या आणि नारायणगावच्या बाजारात विकायच्या. मामा आला, गोंडे उचलले, घरचेच. आत्या आली, तिने पिशवी भरली, घरचंच. पोरींनी तोंड उघडलं की त्या आगाऊ. पण ही झूल घरची नव्हती. ती भागूबाबाची होती.

भागूबाबा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. त्याच्या जोडीतला एक बैल गेला होता, दुसरा पाखऱ्या थकला होता. यंदाच्या पोळ्यानंतर त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, असं म्हाताऱ्याने ठरवलं होतं. म्हणून एकदा तरी त्याला नवी झूल. बैलाचं माप त्याने सुतळीला गाठी मारून आणलं होतं. "कोरी दे गं पोरी," एवढंच म्हणाला होता. आज तो झूल न्यायला येणार होता आणि संध्याकाळी त्याच्या गावची मिरवणूक होती.

स्नेहल वेशीकडे धावत सुटली, मागून श्रेया.

वेशीत बैल सजून उभे होते आणि माणसं पोट धरून हसत होती. हौशीरामचा शर्यतीचा खिल्लार चांगला थोराड. डोंगरातल्या बुटक्या बैलाच्या मापाची झूल त्याच्या पाठीवर तान्ह्या पोराच्या झबल्यासारखी दिसत होती. हौशीरामचं तोंड वाकडं झालं होतं. स्नेहलच्या बापाला, दादांना, आपला गोऱ्हा त्याच्या शर्यतीच्या गाड्याला जुंपायचा होता, त्यासाठी हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. आता ते अंगाशी आलं, तर दादा काय म्हणाले?

"पोरीचं माप चुकलं, शेट. नवशिकी हाय."

चोर तर चोर, वर शिरजोर! स्नेहल थेट खिल्लाराला भिडली आणि झुलीचे बंद सोडू लागली.

"स्नेहल! चारचौघांत काय लावलंय?"

"चारचौघांतच बोलला ना तुमी? माप नाय चुकलं, दादा. बैल चुकलाय. दुसऱ्याची झूल तुमी न इचारता उचलली."

हसणं थांबलं. गर्दीच्या कडेला भागूबाबा रिकामी पिशवी घेऊन उभा होता. स्नेहलने झूल त्याच्यापुढे धरली. त्याने गोंड्यांवरून हात फिरवला, पण पिशवी काही उघडली नाही.

"लई ग्वाड केलीस, बाय. पर दुसऱ्याच्या आंगावरनं उतरलेली आमी घालत न्हाई. आन् पाखऱ्याला तर न्हाईच."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसताच एस.टी.च्या थांब्याकडे वळला.

"बघ," दादांना हायसं वाटलं, "म्हाताऱ्याला बी नगं. आण हिकडं. घरचीच हाय, ठिऊ घरात."

स्नेहलने झूल उलगडली आणि बापाच्या खांद्यावर टाकली.

"घ्या. तुमाला माप बराबर बसतंय."

कुणी हसलं नाही. त्यानेच दादांचा चेहरा जास्त पडला.

"कापड उरलंय का गं?" तिने श्रेयाला विचारलं.

"हाय की. गोंडे बी हायेत. कोरे."

घरात शिरून दोघींनी सगळं पोत्यात कोंबलं आणि थांबा गाठला. आई दारातून ओरडत राहिली. गाडी नारायणगाव सोडून मंचरच्या वाटेला लागली तेव्हा भागूबाबाच्या शेजारी बसून स्नेहल गोंडे टाचत होती आणि सुई बोटात घुसली तरी हात थांबवत नव्हती.

"घरी लई बोलत्याल गं तुला," म्हातारा म्हणाला.

तिने दाताने दोरा तोडला.

"बोलू द्या. बाबा, तुमच्या सुतळीचं हे टोक धरा."