दोन मिनिटांचं काम

कचरूभाऊंचं पत्र दिवाळीनंतर आलं आणि मी त्याला नऊ महिने उत्तर दिलं नाही. पाकिटावर 'शरदचंद्र सर, लायब्ररी, अंबड' एवढाच पत्ता होता. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली, तरी पोस्टमनने ते बरोबर वाचनालयात आणून दिलं, कारण मी अजूनही रोज तिथेच बसतो.

कचरूभाऊ माझे कोण, ते आधी सांगायला हवं. जालन्याला एआरटी केंद्रावर, म्हणजे जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, आम्ही चौदा वर्षं एकाच बाकावर बसलो. ते घनसावंगीकडचे, एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. मी एसटीने जायचो आणि पुस्तक उघडून त्यात तोंड लपवायचो. ते शेजारून म्हणायचे, "सर, पान उलटा की. धा मिनिटं झाले, तेच पान वाचून राह्यले." केंद्राबाहेर मात्र आम्ही एकमेकांना ओळख देत नसू. तिथे येणाऱ्या सगळ्यांचाच तो न बोललेला नियम. एकदा अंबडच्या बाजारात ते समोरून आले, तर आम्ही दोघंही वांग्यांकडे बघत राहिलो.

मग ते बाकावर दिसेनासे झाले आणि हे पत्र आलं.

'सर, फोनवर बोलता येत न्हाई, घरात समदे असतात. म्हणून लिहून राह्यलो. मला खालून रक्त जात व्हतं. मूळव्याध म्हणून आठ महिने चूर्ण खाल्लं. मंग तिथंच हाताला गाठ लागली. कॅन्सर निघाला, संडासच्या जागेचा. डॉक्टर म्हणले, एचपीव्ही म्हणून एक दुसरा विषाणू असतो. आपल्या आजारात तो अंगातून जल्दी जात न्हाई, दडून बसतो. गोळ्या बराबर घेतल्या तरी धोका राहतो. आता संभाजीनगरला मशीनचे शेक देऊन राह्यले, बरा होईल म्हणतात. तुमी बाकावर सहा महिने झाले एका कुल्ल्यावर बसता, हे मी पाहेल हाय. लाजू नका. बोट घालून पाहतात. दोन मिनिटाचं काम. जल्दी जा.'

खाली सही आणि पूर्ण पत्ता.

मी उत्तर लिहायला बसलो. 'आपल्या प्रकृतीविषयी वाचून अंतःकरण व्यथित झाले' अशी सुरुवात केली. ती शोकसभेतली वाटली म्हणून कागद फाडला. असे बरेच कागद फाडले. भाषा जमत नाही अशी मी स्वतःची समजूत घातली, पण खरं कारण वेगळं होतं. उत्तर द्यायचं तर 'मलाही रक्त जातं' हे लिहावं लागलं असतं, आणि एकदा लिहिलं की दवाखान्यात जावंच लागलं असतं. मी इसबगोल वाढवला.

जूनमध्ये माझ्या बायकोने, प्रेमलाने, कपडे भिजवताना डाग पाहिला.

"हे काय?"

"मूळव्याध."

"कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं?"

"मी वाचलंय त्यावर."

ती तो कपडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. ते मला सहन होत नाही. मी कपाटातून पत्र काढून तिला दिलं. तिने ते दोनदा वाचलं.

"कधीचं हे?"

"नोव्हेंबरचं."

"सगळं वाचनालय वाचून काढलं म्हणता, आणि एवढी एक चिठ्ठी कळली नाही तुम्हाला?"

"कळली. म्हणूनच तर..."

"मी येते बरोबर. तुमच्या तोंडाला कुलूप लागलं तर मी बोलीन."

"तू नको."

"मग बोला स्वतः. आणि घरी आल्यावर काय बोललात ते मला शब्दाला शब्द सांगायचं."

एसटीत मी वाक्यं पाठ केली. गुदद्वार, रक्तस्राव, सगळे शब्द शुद्ध होते. केंद्रावरच्या डॉ. चिन्मयी वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्या दर खेपेला विचारतात, "आणखी काही त्रास?" आणि मी दर खेपेला 'नाही' म्हणतो. त्या दिवशीही माझ्या तोंडून आलं, "तसं काही नाही, जरा..." मी खिशातून कचरूभाऊंचं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

त्या वाचू लागल्या. एके ठिकाणी हसल्या. "एका कुल्ल्यावर! आम्ही दर खेपेला वजन करतो, बीपी बघतो, पण तुम्ही बसता कसे ते नाही बघितलं. हे कोण आहेत?"

खाली नाव होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसऱ्याचं इतकं खाजगी दुखणं मी न विचारता परक्या हातात दिलं होतं. मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ओळखलं असावं. नाव आत जाईल अशी घडी घालून त्यांनी पत्र परत दिलं आणि म्हणाल्या, "नाव मी वाचलंच नाही, सर."

मग त्यांनी समजावलं. "एचपीव्ही बायका-पुरुष सगळ्यांनाच होऊन जातो. बहुतेकांचं शरीर त्याला घालवतं. एचआयव्ही असला की तो टिकून राहू शकतो. गोळ्यांनी धोका कमी होतो, पण संपत नाही. आणि खरं सांगू? गोळ्या नव्हत्या तेव्हा कितीतरी पेशंट या कॅन्सरच्या वयापर्यंत पोचायचेच नाहीत. तुम्ही पोचलात, म्हणून तपासायचं."

मला हा आजार कुठून आला, ते त्यांनी विचारलं नाही. त्यासाठी मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

त्यांनी मला सर्जनकडे पाठवलं. सर्जननी आधी बोटाने आणि मग छोट्या नळीतून तपासलं. दोन मिनिटं नाही, पाच लागली. "मूळव्याध आहे, तुमचं निदान बरोबर," ते म्हणाले. मला हायसं वाटलं. "पण शेजारी एक चट्टा आहे. त्याचा तुकडा तपासायला पाठवू."

रिपोर्टला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मला एक पानही वाचता आलं नाही. प्रेमला पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने विचारायची. सोप्या सोप्या शब्दांना मी अडायचो, आणि ती माझी चुकीची उत्तरं मुकाट्याने लिहून घ्यायची.

कॅन्सर नव्हता. पण पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. संभाजीनगरला तेवढी जागा जाळून काढली. दोन आठवडे कोमट पाण्याच्या टबात बसून काढले. आता दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे. उरलेलं आयुष्य मला फुकट मिळाल्यासारखं वाटतं, आणि ते कुणामुळे मिळालं ते मला नीट माहीत आहे.

ऑगस्टमध्ये गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा डॉ. चिन्मयींना विचारलं, "कचरूभाऊ कसे आहेत?"

"ते मला सांगता येणार नाही, सर. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तरी नाही सांगणार." मग म्हणाल्या, "तुम्हीच विचारा की त्यांना."

ते असतील का, नसतील का, पत्र दुसऱ्याच कुणी उघडलं तर काय, हे सगळं मनात आलंच. म्हणून आजाराचं नाव न घालता, एका बैठकीत, न खोडता लिहिलं.

'कचरूभाऊ, तुमचं पत्र मिळालं होतं. मी लाजलो, म्हणून उत्तर दिलं नाही. तुम्ही सांगितलं ते शेवटी केलं. वेळेवर सापडलं, काढून टाकलं. तुम्ही लिहिलं नसतं तर मी गेलो नसतो. तिथे मला बोलता येईना, म्हणून तुमचं पत्र डॉक्टरांना वाचायला दिलं, तुम्हाला न विचारता. ही माझी चूक झाली, माफ करा. पण मी जे बोलू शकलो नाही ते तुमच्या पत्राने सांगितलं. तुमचे शेक संपले का? तब्येत कशी आहे? घरच्यांना चालणार असेल तर मी भेटायला येतो. कधी येऊ ते कळवा. तुमचा, शरदचंद्र.'

प्रेमलाने वाचून पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"मग नऊ महिने काय करत होता?" ती म्हणाली आणि पोस्टाचं तिकीट आणायला पर्समध्ये हात घातला. मी तिला थांबवलं. तिकीट मी सकाळीच आणलं होतं.

पोस्टात तीनला पेटी उघडतात. अडीचला मी पत्र आत टाकलं.