रेणुकाच्या नावावरचे पाच गोल

दिल्लीत देशाची संसद फुटबॉलची काळजी करत होती, त्या दुपारी नांदेडात सुदर्शन सर मैदानातले मांडवाचे खिळे वेचत होते. आदल्या दिवशी तिथं लग्न लागलं होतं. मैदान शाळेचं, शाळा संस्थेची, आणि संस्थेला वऱ्हाडी मंडळी फुटबॉलवाल्यांपेक्षा जवळची. सरांनी पिशवीभर खिळे गोळा केले, पत्रावळ्या लाथेनं बाजूला सारल्या आणि शिट्टी वाजवली. शिट्टीला चार पोरी आल्या. चौघींत काय खेळायचं, कपाळ? दोन चकरा मारायला लावून सरांनी त्यांना घरी पाठवलं.

तिकडं दिल्लीत एक सदस्य म्हणाले, एवढ्या कोटींच्या देशाला धड अकरा माणसं सापडू नयेत म्हणजे काय. दुसरे म्हणाले, सापडतील कशी, खेळाडूंसाठी ठेवलेल्या सरकारी जागा रिकाम्या पडल्यात, नेमणुका होत नाहीत, मग आईबाप लेकरांना मैदानावर कशाला सोडतील. बोलणं काही खोटं नव्हतं. बाकं वाजली. मग कुणीतरी म्हणालं, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती मागवा. आपल्याकडं वरच्या माणसाला काळजी वाटली की खालच्या माणसाला तक्ता येतो. तसा तो दीड महिन्यानं नांदेडला आला.

आला तो जिल्हा हौशी फुटबॉल मंडळाकडं. नाव ऐकून कुणाला इमारत वगैरे वाटेल. मंडळ म्हणजे सुदर्शन सरांच्या घरातली एक लोखंडी पेटी, तिच्यात रबरी शिक्का, हवा गेलेले सात बॉल आणि जुने फोटो. सर शाळेत पीटी शिकवायचे, निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मंडळाचे मानद सचिव ते पंचवीस वर्षांपासून होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता, म्हणून मंडळाची मेल बुद्धप्रिया बघायची. ही त्यांची जुनी खेळाडू. तीन वर्षांपासून अर्धापूरला ऑनलाइन सेंटरवर बसायची आणि दिवसभर लोकांचे सातबारे, पीक विमे आणि भरतीचे फॉर्म काढून द्यायची. गावातल्या निम्म्या पोरापोरींचे नोकरीचे अर्ज तिच्या हातून गेले होते.

तिनं तक्ता आधी वाचला आणि मग फोन केला.

“जयभीम सर. दिल्लीचा तक्ता आलाय. आठ दिवसांत भरून पाठवा म्हनून राहिले.”

“काय काय इचारलंय?”

“रकाना पाच, राज्यात पदक मिळवून सरकारी नेमणूक झालेले खेळाडू. रकाना सहा, पदक हाय, अर्जबी केला, तरी नेमणूक न झालेले.” मग म्हणाली, “सर, सहामधी माझं नाव टाका.”

सर हाव म्हणाले. ही त्यांची जुनी खोड. समोरच्याचं तोंड उतरू नये म्हणून लगेच हाव म्हणायचं आणि मग पस्तावत फिरायचं.

कारण बुद्धप्रियानं राज्यात पदक मिळवलं होतं, ते सरांच्या डोळ्यांदेखत मिळवलं होतं, आणि कागदावर त्याचा मागमूस नव्हता.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, करोनाच्या आधीच्या हिवाळ्यातली. कोल्हापूरला राज्य स्पर्धा होती. महिनाभर आधी अठरा पोरींचे फॉर्म पाठवायचे होते आणि फॉर्मवर पालकाची सही लागत होती. बुद्धप्रियाचे वडील ग्यानोबा केळीच्या ट्रकवर हमाल, ते माल घेऊन पंजाबात गेलेले. आई पारूबाई म्हणाली, “मी करते की सही. बचत गटात शिकले.” सर म्हणाले, “बापाचीच लागते, बाई.” ग्यानोबा येईपर्यंत तारीख निघून गेली. जिल्ह्यातली सगळ्यांत चांगली पोरगी यादीबाहेर राहिली.

मग निघायच्या तीन दिवस आधी यादीतल्या रेणुकाला कांजिण्या आल्या. ही शिरूर अनंतपाळची, नांदेडला होस्टेलवर राहून शिकणारी. तिचे वडील मल्लिनाथअप्पा येऊन तिला घरी घेऊन गेले. यादीत आता नाव बदलता येत नव्हतं. तेव्हा सरांनी तेच केलं जे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि ज्याला कुणी चोरी म्हणत नाही. त्यांनी बुद्धप्रियाला रेणुकाच्या नावावर खेळवलं. ओळखपत्रावरचा झेरॉक्स फोटो इतका काळा होता की त्यात कुणीही बसली असती. सरांनी गाडीतच सगळ्या पोरींना ताकीद दिली की चार दिवस हिला रेणुकाच म्हणायचं.

आणि पोरीनं काय खेळ केला म्हणता. डावा पाय असा की गोलकीपरला कळायच्या आत बॉल जाळीत. चार सामन्यांत पाच गोल. प्रत्येक गोलला मैदानाबाहेरून पोरी ओरडायच्या, रेणुका, रेणुका, आणि बुद्धप्रिया दुसऱ्याच्या नावाला हात वर करायची. संघ राज्यात तिसरा आला. परतताना सर तिला म्हणाले, “पुढच्या वर्षी तुझ्याच नावानं खेळू.” पुढच्या वर्षी करोना आला. त्याच्या पुढच्या वर्षी तिचं वय त्या गटातून गेलं. त्यानंतर मोठ्या गटाचा संघ काही उभा राहिला नाही, कारण बाकीच्या पोरींची लग्नं झाली, त्यांनी ना पुन्हा बॉल बघितला ना कुठं अर्ज केला.

सर्टिफिकेट आलं ते अर्थातच रेणुकाच्या नावाचं. सरांना ते फाडवलं नाही. कुणाच्या तरी कामी येईल म्हणून ते स्वतः शिरूरला जाऊन देऊन आले. आलंच कामी. तीन वर्षांपूर्वी खेळाडूंच्या राखीव जागेतून रेणुका लातूरला एका सरकारी कचेरीत लागली. बुद्धप्रियानं दोनदा अर्ज केला, दोन्हीदा ‘राज्यस्तराचं प्रमाणपत्र नाही’ म्हणून परत आला. आता पारूबाई म्हणायची, “या साली काय झालं तर ठीक, न्हाईतर आलेलं स्थळ बघते.” ग्यानोबांची कंबर गेली होती, ते बाजेवर पडून ऐकून घ्यायचे.

पाचव्या दिवशी सरांनी लातूरची एसटी धरली. कशाला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. रेणुका आपणहून काही बोलेल, काही मार्ग निघेल, असलं काहीतरी मनात होतं. स्वतःहून खरं लिहायची हिंमत नव्हती, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

रेणुका कचेरीच्या जिन्यावरून खाली आली. एका पायानं जरा लंगडत होती. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी पोचल्यावर सरळ चालायला लागली.

“पायाला काय झालं?” सरांनी विचारलं.

“काही नाही सर. दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा असतात. साहेब म्हणतात, तुम्ही तर राज्याच्या खेळाडू, उतरा. मग गुडघा गेलाय म्हणून सांगते. तीन वर्षं झाली, कुणी बघत असलं की लंगडते.”

सरांनी तक्त्याचं सांगितलं. बुद्धप्रिया काय म्हणाली तेही सांगितलं. रेणुकाच्या हातातला चहा तसाच राहिला.

“सर, मी कांजिण्यांनी अंथरुणात होते,” ती म्हणाली. “कोल्हापूर मी बघितलंसुद्धा नाही. सर्टिफिकेट मी मागितलं नव्हतं. तुम्ही घरी आणून दिलं. अप्पा तुमच्या पाया पडले, आईनं तुम्हाला टॉवेल-टोपी केली. नोकरीला ते लाव म्हणूनही तुम्हीच सांगितलं. आता घरातली पाच माणसं माझ्यावर आहेत. तुम्हाला खरं लिहायचं तर लिहा, मी अडवणार नाही. पण मला येऊन विचारू नका, लिहू का म्हणून. ते मला जमायचं नाही.”

सरांनी चहाचे पैसे दिले. रेणुका उठली, फाटकापर्यंत सरळ गेली आणि फाटकातून आत शिरताना पुन्हा लंगडायला लागली.

परतीच्या एसटीत सरांनी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं की आपल्याला रेणुकाच्या संसाराची चिंता आहे. ती होतीच. पण खरी गोष्ट अशी की त्यांना आपल्या पेन्शनची भीती वाटत होती. खोट्या नावावर पोरगी खेळवली, खोटं सर्टिफिकेट नेऊन दिलं, मंडळाचा शिक्का त्यांचा, सही त्यांची. चौदा महिन्यांवर आलेली निवृत्ती डोळ्यांपुढून हलत नव्हती. या भीतीची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती कमी झाली नाही.

आठव्या दिवशी ते जुने फोटो पिशवीत घालून अर्धापूरला गेले. दुपारची वेळ, सेंटरवर गर्दी नव्हती. बुद्धप्रियानं तक्ता उघडून ठेवला होता. पहिले चार रकाने तिनं आधीच भरले होते. मैदाने एक. प्रशिक्षक एक. सध्या खेळणाऱ्या मुली चार.

“लातूरला जाऊन आलाव म्हनं,” ती म्हणाली.

“कोन सांगितलं?”

“रेणुकाचा फोन आला होता. लई रडली.” तिनं कीबोर्ड पुढं ओढला. “सर, खरं लिहिलं तर तिची जाईल?”

“हाव.”

“आन तिची गेली तर मला लागंल?”

सरांनी या वेळी हाव म्हटलं नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा त्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलं असेल. “न्हाई,” ते म्हणाले. “तूबी दुसऱ्याच्या नावावर खेळली. तुझ्यावरबी केस व्हईल. माझ्यावर तर व्हईलच.”

तिनं मान हलवली. हे सगळं तिला आधीच कळलं असणार, ती दिवसभर सरकारी नियमच वाचायची. तिला फक्त सरांच्या तोंडून ऐकायचं होतं. मग तिनं रकाना पाचमध्ये रेणुकाचं पूर्ण नाव टाइप केलं, गाव टाइप केलं, स्पर्धेचं नाव, वर्ष, आणि गोलांच्या खाली पाचचा आकडा. एकदाही सरांना विचारलं नाही, तिला सगळं पाठ होतं. रकाना सहावर ती आली आणि कागदोपत्री ‘कुणी नाही’साठी जो शब्द असतो तो तिनं लिहिला. निरंक.

“सर, एक सांगू? राग धरू नका.”

“बोल.”

“फॉर्मवर आईची सही चालली असती. नियमात पालक लिहिलंय, बाप लिहिलं न्हाई. इथं बसाया लागले त्या साली जुना नियम काढून वाचला मी. मायला सांगितलं न्हाई. तिला उगं वाईट वाटलं असतं.”

सरांना पारूबाई आठवली, पदराला हात पुसून पेन मागणारी. तीन वर्षं ही पोरगी एवढं पोटात ठेवून त्यांची मेल बघत होती, त्यांना जयभीम घालत होती. त्यांना माफी मागायची होती. ती न मागता ते पिशवीतले फोटो चाळायला लागले.

“फोटो मागितलाय,” बुद्धप्रिया म्हणाली. “नेमणूक झालेल्या खेळाडूचा, खेळतानाचा.”

सरांनी पिशवीतून कोल्हापूरचा फोटो काढला. त्या स्पर्धेतला दुसरा नव्हताच. बुद्धप्रियाचा डावा पाय हवेत, बॉल नुकताच पायावरून सुटलेला, केस तोंडावर आलेले, तरी तोंड साफ ओळखू येत होतं. तिनं तो फोटो बराच वेळ हातात धरला.

“हा मला कधी दाखवला न्हाई तुम्ही.”

“पेटीत होता.”

तिनं फोटो स्कॅन केला. स्क्रीनवर मोठा करून बघितला. मग माउसनं चौकट ओढली, कमरेच्या वरचं सगळं कापून टाकलं आणि खाली उरलेला पाय आणि बॉल तेवढा तक्त्याला जोडला.

“आता कुनाचा पाय हाय ते कोन इचारतंय, सर,” ती म्हणाली. तिनं तक्ता छापून पुढं केला. सरांनी सही केली, शिक्का मारला. तिनं कागद पाठवला आणि फोटो त्यांना परत दिला. त्यांनी तो तिच्याकडंच ठेव म्हणून सांगितलं, पण ती नको म्हणाली.

उन्हाळ्यात बुद्धप्रियाचं लग्न ठरलं. माहूरकडचं स्थळ होतं, मुलाचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. सेंटर सोडायच्या आदल्या दिवशी तिनं सरांना फोन केला. सर मैदानावर होते. पुन्हा मांडव पडत होता आणि त्या दिवशी शिट्टीला कुणीही आलं नव्हतं.

“सर, दिल्लीचं उत्तर आलं. तिथं सभागृहात वाचून दाखवलं म्हनं.”

“काय म्हनतात?”

ती वाचायला लागली. आवाज सपाट होता, गिऱ्हाइकाला फॉर्म वाचून दाखवतात तसा. नांदेड जिल्हा. अर्ज केलेल्या पदकविजेत्या खेळाडू, एक. नेमणूक, एक. प्रलंबित, निरंक. नेमणुकीचं प्रमाण शंभर टक्के. सदस्यांनी समाधान व्यक्त केलं.

“सर,” ती म्हणाली, “आपला जिल्हा देशात पहिला आलाय.”

मागं कुणीतरी मांडवाचा खांब ठोकत होतं. सर हाव म्हणाले.