रिकाम्या खुर्चीचं तेज

टाळ्या अशा कडाडल्या की सभागृहाच्या छताला चिकटलेली पाल खाली पडली. पाल पडली हे माझ्या पदरचं. बाकी सगळं खरं आहे, आणि तीच माझी अडचण आहे.

व्यासपीठावर उंच पाठीची खुर्ची, मागे पांढरा पडदा, समोर तिपाईवर कॅमेरा. कॅमेऱ्यात जे दिसेल ते बाजूच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर. खुर्चीत औषधवाल्याचा पुतण्या बसला होता. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर साधा पोरगा, नाकावर घाम. स्क्रीनकडे पाहिलं तर त्याच्या डोक्यामागे फिकट जांभळा उजेड फुललेला! तीनशे माणसं एकदा खुर्चीकडे, एकदा स्क्रीनकडे, अशा माना फिरवत होती.

"पाहिलंत?" पांढऱ्या सुटातले, पांढऱ्या बुटातले तेजगुरू गरजले. "डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही! हे नेतृत्वतेज. दहा हजारांत एकाला. हा मुलगा उद्या माणसं हाकेल!"

माणसं हाकायची असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी आपला त्यांच्या हजामती करत आलो.

"आमच्या धाकट्याचा नंबर कितवा हो?" शेजारच्या बाईंनी स्वयंसेवकाला विचारलं.

"चौतिसावा. पण मोबाइल बंद करा. परक्या यंत्रानं तेज विस्कटतं म्हणे."

बाहेर पुढच्या निवासी शिबिराचे अर्ज आणि पैसे घेणारं टेबल होतं, त्यावर पाटी: 'तरुणांतील नेतृत्वगुण: शास्त्रशुद्ध तेजदर्शन, दोन दिवस'. शास्त्रशुद्ध हा शब्द पाटीवर रंगवावा लागला की समजावं, शास्त्र त्या दिवशी रजेवर आहे.

आता मी कोण ते सांगतो. पंचेचाळीस वर्षं माझं केशकर्तनालय होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, मानेशी वस्तरा आला, की मी गोष्ट सुरू करायचो. मी एकदा वाघाच्या मिशा कातरल्या, एकदा पुरात खुर्चीसकट वाहत जाऊन तीन गावच्या दाढ्या केल्या. कोण उठून जाणार? मग हात थरथरू लागले. दुकान बंद झालं, बायको आधीच गेली होती, लेक परदेशात. रस्त्यात मी दिसलो की लोक घाईत असायचे. गोष्ट ऐकायला माणूस लागतो, आणि मोकळ्या मानेचा माणूस पळून जातो.

लेक दर रविवारी फोन करते. एकदा म्हणाली, "बाबा, काहीतरी छंद लावून घ्या ना." आणि तिचा जुना व्हिडिओ कॅमेरा कुरिअरनं आला. सत्तराव्या वर्षी मी चित्रीकरणाला लागलो. म्हणजे काय, तर कॅमेरा टेबलावर ठेवायचा, समोर बसायचं आणि त्याला गोष्ट सांगायची. कॅमेरा मधे बोलत नाही. हसतही नाही, पण तेवढं चालवून घ्यावं लागतं.

बटण मात्र मला कधी साधलं नाही. लाल ठिपका दिसला की चालू, एवढं शिकवून शिकवून माझी शिक्षिका दमली. मी सुरू करायला दाबायचो तेव्हा ते बंद व्हायचं आणि बंद करायला दाबलं की सुरू. माझ्या संग्रहात गोष्टी कमी आणि गुडघे जास्त.

ही शिक्षिका म्हणजे बसड्रायव्हरची सतरा वर्षांची मुलगी. माझ्या बंद दुकानाशेजारी वाचनालयाची अभ्यासिका आहे: बारा टेबलं, चार पंखे, त्यातले दोन फिरणारे. ज्यांच्या घरी टीव्ही मोठा आणि जागा लहान अशी पोरं तिथे अभ्यासाला येतात. दोन वर्षं अभ्यासिकेची चावी या मुलीकडे होती. रोज पाचला कुलूप काढायची, टेबलं पुसायची, भांडणं सोडवायची. आवाज इतका हळू की पोरांना गप्प बसूनच ऐकावं लागे. सगळी तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताई म्हणायचो. आठवड्यातून दोनदा ती दुकानावरच्या माझ्या खोलीत येऊन माझा कॅमेरा बघायची आणि एक गोष्ट ऐकायची. पूर्ण. अख्ख्या गावात ती एकटीच.

तेजदर्शनाच्या पहिल्या दिवशी एकविसावा नंबर तिचा होता.

ती खुर्चीत बसली. तेजगुरू गालिच्यावर आपल्या ठरलेल्या जागी उभे राहिले. डोळे मिटले, हात पसरले, "तेज, प्रकट हो!" म्हणाले. स्क्रीनवर ताई दिसली आणि तिच्यामागे पांढरा पडदा. बस. एवढंच.

"अंधार," तेजगुरूंनी उसासा टाकला. "पूर्वसंचित नाही. हिनं पुढे होऊ नये, कुणाच्या तरी मागे चालावं. त्यातच हिचं कल्याण."

सभागृहात च्च् च्च् झालं. औषधवाले वाचनालयाचे अध्यक्ष. ते तिथेच उठले. "मग अभ्यासिका तेजस्वी हातात असलेली बरी. चावी दे बाळ. माझा पुतण्या बघेल."

ताईनं चावी दिली. वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही तर नाही, बाळ. सगळ्यांनाच स्टिअरिंग मिळत नसतं." माणूस मायाळू आहे हो. मायेनंच बोलला. म्हणूनच ते वाक्य पोरीच्या आत खोल गेलं. ती माझ्याजवळून गेली तेव्हा मी म्हटलं, "ताई, उद्या येशील ना?"

"कशाला काका? दुसऱ्या कुणाकडून शिका. मला नाही जमत असलं."

संध्याकाळी खोलीत मी एकटा. रविवार नव्हता, त्यामुळे फोन नव्हता. काहीतरी हलताना दिसावं म्हणून कॅमेरा टीव्हीला जोडला. सभागृहात मी तो बंद करून मांडीवर ठेवला होता. बंद म्हणजे माझ्या पद्धतीनं बंद. निघालं चाळीस मिनिटांचं चित्रण! नेहमीसारखं सगळं हिरवटलेलं. माझा गुडघा. माझा बूट. मग पुन्हा बराच वेळ गुडघा. मग चहाची सुट्टी झाली, लोक उठले, मीही उठलो असणार, कारण कॅमेरा शेजारच्या खुर्चीवर कलंडून व्यासपीठाकडे बघत राहिला.

व्यासपीठ ओस होतं, मोठा स्क्रीन बंद. एक नोकर आला. गालिच्यावर, नेमक्या तेजगुरूंच्या जागी, त्यानं पुस्तकांचं जड खोकं ठेवलं आणि तो गेला.

आणि रिकामी खुर्ची उजळली.

कुणीही बसलेलं नव्हतं. मागच्या पडद्यावर तेजाचं वर्तुळ असं झळकत होतं, की त्या खुर्चीनं लगेच निवडणुकीला उभं राहावं. तब्बल नऊ मिनिटं ती बिचारी एकटीच महान होती.

मी तसाच खाली धावलो. औषधवाल्यांच्या दुकानात गर्दी होती. "अध्यक्ष, तेज खुर्चीचं आहे! पोरांचं नाही! माझ्याकडे चित्रण आहे!"

"या काका," ते बाटल्या मोजत म्हणाले. "आज वाघ नाही? खुर्चीच थेट?"

दुकान खदखदून हसलं. किराणावाल्याकडे गेलो, तो म्हणाला, "काका, पुरात वाहत गेली तीच का ही खुर्ची?" वाचनालयाच्या कारकुनानं तर आत बसून "घरी नाहीत" असं स्वतःच सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत एकदाच खरं हाती आलं आणि ते खपवायला माझ्याकडे पत नव्हती. दोष कुणाला देऊ?

शेवटी बसड्रायव्हरच्या घरी गेलो. ताई भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"माझी समजूत काढायला रचलंत ना काका? गोष्ट छान आहे."

बाकीच्यांचं हसणं मी झटकलं होतं. हे मात्र लागलं. मी कॅमेरा तिच्यापुढे ठेवला आणि दाराशी उभा राहिलो.

तिनं बघितलं. गुडघा बघितला. बूट बघितला. पुन्हा गुडघा. मग घडी खाली ठेवली.

"काका, इतकं वाईट चित्रण ठरवून करता येत नाही."

आयुष्यात माझ्या कलेला मिळालेली ही एकमेव दाद.

तिनं कॅमेरा उलटसुलट केला आणि एक खटका दाखवला. "हे अंधारात चित्रण करायचं बटण. तुम्ही कायम चालूच ठेवलंय, म्हणून तुमचं सगळं जग हिरवं! पण मग हा कॅमेरा..." ती थांबली. धावत जाऊन टीव्हीचा रिमोट घेऊन आली. "याच्या टोकाकडे बघा. मी बटण दाबतेय. काही दिसतंय?"

"छे."

"आता कॅमेऱ्यातून बघा."

रिमोटच्या टोकाला काजव्यासारखा उजेड लुकलुकत होता. डोळे त्यावर लावले तर ठार काळोख, कॅमेऱ्यातून बघावं तर दिवा!

"हा अवरक्त प्रकाश काका. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, असल्या कॅमेऱ्याला दिसतो. त्यांच्या खुर्चीच्या पाठीत असे दिवे असणार. ते मागच्या पडद्यावर पडतात. आणि खटका गालिच्याखाली, ते उभे राहतात तिथे. खोक्याच्या वजनानं तोच दाबला गेला."

"तरीच!" मी म्हटलं. "मी जन्मभर खुर्च्यांमागे उभा राहिलो ताई. एवढी उंच आणि जाड पाठ टेकायला लागत नाही कुणाला."

ती हसली नाही. रिमोट दाबत राहिली. लागला, विझला. "म्हणजे माझ्यात अंधार नव्हता," ती हळूच म्हणाली. "त्यांनी पायच ठेवला नव्हता."

"पुढच्या निवासी शिबिराचा अर्ज ज्यांनी आधीच भरला, तेवढेच उजळले गं. तुझ्या बापानं भरला नाही."

"उद्या तुम्ही सांगाल का सगळ्यांना?"

"मी सांगितलं तर खोटं ठरेल. माझं नावच तसं आहे."

तिनं रिमोट खाली ठेवला. सभागृहात तीनशे माणसं, आणि हिचा आवाज बारा टेबलांपलीकडे जात नाही. मला तिची भीती दिसत होती. मी काही बोललो नाही. तेवढं एक शहाणपण माझ्या हातून घडलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह कालच्याहून भरलेलं. ताई मधल्या वाटेनं चालत पुढे गेली आणि व्यासपीठावर चढली.

"गुरुजी, एक विचारू? खुर्ची रिकामी असली तर तेज दिसेल का?"

"मोठ्यानं बोल!" मागून कुणीतरी ओरडलं. ती मोठ्यानं बोलली नाही. लोकच गप्प झाले.

"मुली," तेजगुरू गोड हसले, "तेज आत्म्याचं असतं. लाकडाला आत्मा असतो का?"

"नाही. मग तुम्ही दोन पावलं बाजूला व्हाल?"

"का म्हणून?"

"तेज तर बसणाऱ्याचं. तुम्ही कुठे उभे आहात यानं काय बिघडणार?"

लोकांनाही ते पटलं. "व्हा ना बाजूला!" एक आवाज आला. मग चार. तेजगुरूंनी घाम पुसला आणि नाइलाजानं पाऊल उचललं. ताईनं त्या जागेवर आपली चप्पल टेकवली.

स्क्रीनवर रिकामी खुर्ची लखलखली.

"अध्यक्षकाका, तुम्ही बसता?"

औषधवाले भारल्यासारखे जाऊन बसले. ताईनं पाय उचलला, अध्यक्ष विझले. पाय टेकवला, पेटले. मिनिटभरात ते तीनदा थोर झाले आणि तीनदा पदच्युत. पहिल्यांदा हसली ती पोरं. मग छप्पर उडालं. (उडालं नव्हतं.)

तिनं गालिचा उलटला. खाली पायाच्या दाबानं लागणारा चपटा खटका, तिथून वायर खुर्चीपर्यंत. खुर्चीच्या पाठीची काळी पट्टी काढली, तर आत मुगाएवढे दिवे रांगेनं. मग तिनं घरचा रिमोट आणि माझा कॅमेरा पहिल्या रांगेत दिला. "सगळ्यांनी स्वतः दाबून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

"हा... हा जिज्ञासेचाच प्रयोग होता! तुमची परीक्षा!" तेजगुरू म्हणाले आणि मागच्या दारानं असे गेले की पांढरा बूट एकच पायात राहिला. दुसऱ्या बुटाचं मी शपथेवर सांगू शकत नाही.

संध्याकाळी अध्यक्ष चावी घेऊन अभ्यासिकेपाशी आले. ती ताईच्या हातावर ठेवली आणि वळले. ताईनं पाचला कुलूप काढलं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. लोक माझ्यासमोरून ये-जा करत होते. आता ते मला थापाड्या म्हणत नाहीत, पण थांबतही नाहीत. थांबलेच तर वाघाचा पुरावा मागतात.

औषधवाल्याचा पुतण्या दाराशी घुटमळत होता. काल दहा हजारांत एक, आज गावभर हसू. त्यानं खालच्या मानेनं विचारलं, "म्हणजे माझ्यातही काही नाहीच का गं?"

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. माणसात काय आहे ते खुर्चीत बसवून, डोळे मिटून, कुणी परका येऊन सांगू शकत नाही. जो सांगतो त्याला दोन पावलं बाजूला व्हायला सांगा. तो का कू करू लागला, की त्याच्या पायाखाली बघा. आणि मीही गोष्ट सांगितली तर मलाही तपासा. मला राग येणार नाही. तपासायला तरी कुणी वर येईल.

ताईनं त्या पोराकडे पाहिलं, त्याच्या हातात ओलं फडकं दिलं.

"मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. "महिनाभर रोज पाचला ये. मग दोघं मिळून बघू."